इतिवृत्तात नसलेलं

विषय क्रमांक चार : पाणलोट पुनरुज्जीवन आराखडा.
चर्चा झाली.
एवढंच टाइप झालंय. मी आरेखक, माझं काम रेघेचं,
बोलणं टिपायचं नाही. तरी लिहितो.

नाईक तलावामागची मनपाची शाळा, तिसरीचा वर्ग.
बुटक्या बाकांवर साहेबांचे गुडघे हनुवटीपर्यंत.
फळ्यावर माझा नकाशा, त्याच्या वर अर्धवट पुसलेले पाढे,
म्हणून तलावाच्या डोक्यावर बारा पंचे साठ.
निळी रेघ मी शाळेच्या कुंपणाशी थांबवली होती.
पुढे प्रवाह नाही, असं सर्वेक्षण म्हणत होतं,
आणि सर्वेक्षण म्हणेल ते मी काढतो.

ठवकर साहेब सांगत होते :
शासनाचा वाटा सत्तर, लोकसहभाग तीस.
नगरसेवक माणसं मोजत होते की बाकं, कळलं नाही.
तेव्हा मागून सुभद्राबाई बारापात्रे उठल्या,
थेट फळ्याशी आल्या, बोट ठेवलं.
"थांबते कशी? इथून खाली जाते ना बाप्पा.
तुमी बसले त्याच्याच वर."

"पुरावा?" ठवकर म्हणाले. वाईट हेतूनं नाही, सवयीनं.

"मंगळवार."

मंगळवारी त्यांचा बाप काठाचं सूत रंगवायचा, लाल.
उरलेलं धोवण नाल्यात सोडायचा,
आणि दुपारी खालच्या अंगाला, वरठ्यांच्या दगडांवर
अख्ख्या मोहल्ल्याची धोतरं गुलाबी व्हायची.
वरठीण चढ चढून यायची, शिव्या द्यायची,
नाव घेऊन, पिढ्या मोजून.
"निघून कुठून याची आन् उभी कुठं राहाची,
मले पाठ हाय."

आमच्याकडे उपग्रहाची चित्रं होती, बोअरच्या नोंदी होत्या.
शिव्यांचा नकाशा नव्हता.

ठवकर हसले नाहीत. हे त्यांचं मी मानतो.
शनिवारी पहाटे दोन किलो जिलेबीचा रंग आणला
(खर्च कोणत्या शीर्षाखाली, ते अजून ठरायचं आहे).
समुंद्रेनं पहारेनं झाकण उचललं
आणि आत पाय सोडला, तीही सवयच.
"वरूनच ओत रे पोरा," सुभद्राबाई ओरडल्या.
तो थांबला. वरूनच ओतला.

खाली पाच जागी पाच पोट्टे, हातात फोन.
पुलाखाली : नाही.
वरठ्यांचे दगड, जिथे आता मोटरसायकलचं शोरूम : नाही.
पंपघर : नाही.
तास गेला. ऊन पायरीवर आलं.
सुभद्राबाई सुपारी कातरत बसलेल्या, घाई नसल्यासारख्या.
मग सहावा फोन आला,
जिथे आम्ही कोणाला उभंच केलं नव्हतं तिथून.
आमच्याच झोन कार्यालयाचा चौकीदार :
"साहेब, लिफ्टच्या खड्ड्यात रक्त भरून राहिलं,
पोलिसायले सांगू का?"

तो खड्डा आम्ही दर पावसाळ्यात उपसतो.
नोंदवहीत लिहितो : गळती, कारण अज्ञात.
वरठ्यांच्या दगडांपर्यंत पोचायच्या आत
तिला अडवून बसलो होतो आम्हीच,
जन्म-मृत्यू दाखले, मालमत्ता कर,
आणि खिडकी क्रमांक तीनसह.

सगळे जिना उतरून गेलो. कोणी कोणाकडे बघेना.
सुभद्राबाई वाकल्या, पाण्यात बोट बुडवून पदराला पुसलं.
"रंग चढत नाई हा. पन रस्ता तोच घेतला."

सोमवारी मी रेघ पुढे नेली,
शाळेखालून, रस्ता ओलांडून, आमच्या पायऱ्यांपर्यंत.
ठवकर म्हणाले, इमारतीखाली तुटक काढ,
तुटक रेघेला हरकती कमी येतात.
तुटक काढली.

हरकती व सूचनांसाठी तीस दिवस.
पहिली हरकत आली ती झोन कार्यालयाची.
दुसरी, वहीच्या पानावर, वळणदार सही,
सुभद्राबाई बारापात्रे :
रेघ निळी काहून?
मंगळवारी लाल असायची.